एक चूक हवी आहे, शक्यतो लहान

सुमंत दातारच्या मते जगातलं कुठलंही काम वेळापत्रक नीट केलं की होतं. होत नसेल तर वेळापत्रकात रकाने कमी पडलेत, एवढंच. अमेरिकेत पार्सिपनीतल्या एका कंपनीत तो गेली चौदा वर्षं लोकांना वेळापत्रकं करून देतो. त्या कंपनीतली कामं वेळेवर होतात का, हा प्रश्न आपण इथे काढायला नको. सांगायचं एवढंच, की फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्याच्या बायकोला फार्मसी कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि देवयानी "आलं बाई एकदाचं!" म्हणत खुर्चीत टेकते न टेकते तोच सुमंतने लॅपटॉप उघडून तिच्या नावाची नवी फाइल केलीसुद्धा.

"मी बघते रे," देवयानी म्हणाली.

"आपण बघू," सुमंत म्हणाला.

बावीस वर्षांच्या संसारात या दोन वाक्यांनी बरंच काही घडवून आणलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या फरश्या हे त्यातलंच एक, पण त्याबद्दल नंतर येईलच.

बोलावणं साधं नव्हतं, हे मात्र खरं. देवयानी नागपूरची बी. फार्म. लग्न करून इकडे आल्यावर कळलं, की ती चार वर्षांची पदवी इथे फार्मासिस्ट व्हायला पुरत नाही. मग अनिका झाली, मग दुसऱ्या राज्यातल्या नोव्हायहून इकडे बदली झाली, मग हे, मग ते. गेली नऊ वर्षं ती एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन होती. गोळ्या ट्रेमध्ये ओतायच्या, पट्टीने पाच-पाच करून मोजायच्या, बाटलीत भरायच्या आणि लेबल लावायचं. तिच्यावरचा फार्मासिस्ट अठ्ठावीस वर्षांचा होता आणि अडलं की हळूच तिलाच विचारायचा. शेवटी चाळिशी उलटल्यावर तिने तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला बसून, लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर, सगळी केमिस्ट्री पुन्हा केली. तीन कॉलेजांना अर्ज केले. दोघांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. उरलं हे एक. यांच्या नियमाप्रमाणे तिचे केमिस्ट्रीचे मार्क पुढच्या वर्षी शिळे होणार होते.

"या वर्षी नाही झालं तर मी परत त्या वर्गात जायची नाही," तिने सांगून टाकलं होतं. "ऑरगॅनिक केमिस्ट्री माणसाला जन्मात एकदा सहन होते. माझी दोनदा झालीय."

मुलाखतीतल्या बोलण्याची तिला भीती नव्हती. दुकानात दिवसभर ती चिडलेल्या लोकांशीच बोलायची. भीती होती पत्रातल्या शेवटच्या ओळीची: अर्धा तास लेखन, विषय तिथेच देणार, कागद जवळ बाळगायचा नाही.

पहिली सराव परीक्षा शनिवारी सकाळी दहाला झाली. सुमंतने जेवणाच्या टेबलावरचं लोणचं वगैरे उचलून परीक्षा केंद्र तयार केलं, ओव्हनचा टायमर लावला, 'आरोग्यसेवेत तंत्रज्ञानाचं स्थान' असा भारदस्त विषय दिला आणि स्वतः पर्यवेक्षक म्हणून हात मागे बांधून फेऱ्या मारू लागला. टायमर वाजला. देवयानीच्या कागदावर चार वाक्यं होती. ती इंग्रजीत होती, पण त्यांचा मथितार्थ असा: तंत्रज्ञान रोज वापरावं. शक्यतो जेवणानंतर वापरावं. त्रास वाटल्यास थांबवावं. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

"हे लेबल झालं," सुमंत म्हणाला.

"नऊ वर्षं तेच लिहितेय मी," देवयानी म्हणाली. "गोळी घेतलीस का तुझी?"

"घेतली गं."

ही गोळी म्हणजे सुमंतची ब्लडप्रेशरची. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सुरू केली होती आणि याची बाहेर वाच्यता करायची नाही अशी घरात सक्त ताकीद होती. पन्नाशीच्या आत ब्लडप्रेशर हा सुमंतला व्यक्तिगत अपमान वाटायचा. शिवाय त्याची औषधांच्या बाबतीत काही प्रतिष्ठा होती. ती प्रतिष्ठा एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात राहायची. दर भारतवारीत पुण्यातल्या ओळखीच्या दुकानातून सुमंत डोकेदुखी, पित्त, सर्दी, गुडघे, सगळ्यांवरच्या स्ट्रिप्स घेऊन यायचा, त्या डब्यात भरायचा आणि कुठल्याही घरगुती जमावात कुणी नुसतं "आई गं" म्हटलं तरी डबा उघडायचा. "ही घे. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस बरा तरी होतो नाहीतर विसरतो तरी." लोक घ्यायचे. लोक त्याला डबेवाला डॉक्टर म्हणायचे, आणि सुमंत "छे छे" म्हणत अत्यंत खूश व्हायचा.

असो. लेबलावर उपाय काय, यावर त्यांची सोळा वर्षांची अनिका फोनमधून मान वर न करता म्हणाली, "दे ऑल्वेज आस्क द सेम थिंग. टेल अस अबाउट अ मिस्टेक यू मेड. जस्ट प्रॅक्टिस दॅट."

चूक! सुमंतने ताबडतोब फाइलमध्ये 'चुका' नावाचा रकाना उघडला. त्या आठवड्यात देवयानीने पाच निबंध लिहिले. आता तिचं लेखन असं काही वाहू लागलं, की टायमर वाजला तरी ती थांबेना. दीड पान, दोन पानं. सुमंतने मोठ्या समाधानाने पहिला निबंध वाचायला घेतला. त्यात एका गृहस्थाने गॅरेजचं दार स्वतः दुरुस्त करायला घेतलं होतं आणि गाडी अकरा दिवस आत अडकली होती. दुसऱ्या निबंधात तोच गृहस्थ मोजमापं न घेता स्वयंपाकघराच्या फरश्या आणत होता, तीनदा. तिसऱ्यात त्याने विमानतळावर अधिकाऱ्याला लोणच्याचं महत्त्व समजावून सांगितलं होतं. अनिकाने पाचही निबंध लाल पेनने 'ए प्लस' देऊन फ्रिजवर चुंबकाने लावले होते. पाणी प्यायला जाणारा येणारा कुणीही ते वाचू शकत होता, आणि वाचत होता.

"या सगळ्या माझ्या चुका आहेत!" सुमंत म्हणाला.

"हो ना," देवयानी म्हणाली. "भराभर सुचतात रे."

"आई, धिस इज सो गुड," अनिका म्हणाली, "बट इट हॅज टु बी युअर मिस्टेक."

"लग्न मी माझ्या मनाने केलं होतं. चालेल का विचार त्यांना."

सुमंत दोन तास कुणाशी बोलला नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मग तो आपणहून बोलायला लागला.

तेवढ्यात कॉलेजने वेगळीच पाचर मारली. देवयानीची नागपूरची गुणपत्रिका चांदेकर नावाने आणि इथलं लायसन्स दातार नावाने. या दोन बायका एकच आहेत याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे लग्नाचा दाखला. तो निघाला मराठीत. मग भाषांतर हवं. भाषांतर करणारा घरातला नसावा, त्याला दोन्ही भाषा याव्यात आणि त्याने खाली सही करावी. सुमंतने समोरच्या ओळीत राहणाऱ्या जगन्नाथकाकांना पाचारण केलं. काका पन्नास वर्षांपूर्वी मिरजेहून इकडे आलेले, भूल देणारे डॉक्टर, आता निवृत्त. वजनदार माणसाची सही असावी, हा सुमंतचा विचार. काकांनी दाखला वाचला, डोळे मिटले, आणि स्वहस्ते पानभर भाषांतर लिहून सही ठोकली. सुमंतने ते अपलोड केलं. दोन दिवसांनी कॉलेजचं उत्तर आलं: तुमच्याकडून चुकून एखादं प्रिस्क्रिप्शन अपलोड झालेलं दिसतं, कृपया योग्य कागद पाठवावा.

"वाचता येत नाही त्यांना?" काका संतापले. "ही काय फार्मसीवाली माणसं?"

"मला येतं वाचता, काका," देवयानी म्हणाली. "पण तुम्ही लग्नाची तारीख लिहिलीत तिथे 'दिवसातून दोनदा' असं दिसतंय."

शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या सत्यजितने भाषांतर टाइप करून दिलं. सत्यजित हा सुमंतचा मित्र, कोल्हापूरचा, आणि एके काळी मोरिस काउंटीत त्याच्या हातच्या मिसळीला तोड नव्हती. एके काळी म्हणायचं कारण, सात वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या जुलैच्या पिकनिकला त्याची मिसळ खाऊन प्रतिमाकाकू, म्हणजे जगन्नाथकाकांच्या मंडळी, पोटात रक्तस्राव होऊन दोन दिवस हॉस्पिटलात होत्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त पुढच्या पिकनिकच्या यादीत सत्यजितच्या नावापुढे 'बर्फ आणि पेपर प्लेट्स' असं आलं. त्यानंतर दर वर्षी तेच येत होतं. बिचारा दर वर्षी दोन पिशव्या बर्फ घेऊन यायचा आणि कुणी मिसळीचा विषय काढला की उठून प्लेट्स मोजायला जायचा.

चूक काही सापडेना, तेव्हा सुमंतने रविवारी दुपारी चहाला सगळ्यांना बोलावलं. काका, काकू, सत्यजित. अजेंडा एकच: देवयानीसाठी एक चूक हवी आहे, शक्यतो लहान.

"वहिनी, खरी चूक लिहायची नसते हो," सत्यजित म्हणाला. "चूक अशी पाहिजे, की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरेरे, किती गुणी बाई!"

"मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली," जगन्नाथकाका म्हणाले. "एक चूक नाही. एक पेशंट कधी तक्रार करायला आला नाही."

"झोपलेले असायचे ना ते," प्रतिमाकाकू म्हणाल्या. "यांच्या चुका मी सांगते. लिहून घे गं."

आणि मग जी काही बहार आली! काकूंनी काकांच्या चुका सांगितल्या, काकांनी सत्यजितच्या सांगितल्या, सत्यजितने कंपनीच्या सांगितल्या. दीड तासात सुमंतच्या रकान्यात एकतीस चुका जमा झाल्या. त्यातली एकही सांगणाऱ्याची स्वतःची नव्हती. शेवटी अनिकाने विचारलं, "बाबा, व्हॉट अबाउट यू? वन मिस्टेक. युअर ओन." सुमंतने चहा संपेपर्यंत प्रामाणिकपणे विचार केला.

"मी लोकांवर फार पटकन विश्वास ठेवतो," तो म्हणाला.

अनिका उठून आत गेली.

"माझी आहे एक," देवयानी अचानक म्हणाली. "खरी."

तिने काकूंकडे बघितलं, मग सत्यजितकडे. चांगला कपभर वेळ बघितलं. मग म्हणाली, "नको. जाऊ दे."

"मोठी आहे का?" सुमंतने काळजीने विचारलं. "मोठी नको हं. लहान घे."

"लहान की मोठी, तेच तर मला कळत नाही."

सुमंतने ठरवलं, की हिला आता तयार चूकच द्यायची. त्याने आणि सत्यजितने मिळून ती बनवली. चूक अशी: दुकानात एका म्हाताऱ्या आजोबांना मदत करण्याच्या नादात देवयानी जेवायची विसरली आणि तिला चक्कर आली, त्यातून ती शिकली की दुसऱ्यांची सेवा करायची तर स्वतःकडेही लक्ष दिलं पाहिजे. एकूण चारशे बारा शब्द. आजोबा काल्पनिक, चक्कर काल्पनिक, आणि देवयानी जेवण विसरेल ही कल्पना तर तिला ओळखणाऱ्या कुणालाही हसू आणणारी. पण निबंध गुळगुळीत होता. देवयानीने तो पाठ केला. पोळ्या लाटताना म्हणायची, गाडीत म्हणायची. सुमंत बाजूला बसून चुकलेला शब्द दुरुस्त करायचा. "ह्यूमिलिटीवर जोर दे," तो सांगायचा. "नम्रपणा ठासून सांगितला पाहिजे."

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी मुलाखत होती. कॉलेज दीड तासावर. सुमंत साडेतीन तास आधी निघाला, कारण वेळापत्रकात 'अनपेक्षित अडचणी' असा रकाना होता. अनपेक्षित अडचण एकही आली नाही. त्यामुळे दोघं कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन तास बसून राहिले, आणि सुमंतने तिच्याकडून निबंध सहा वेळा म्हणून घेतला. सातव्या वेळी ती म्हणाली, "काहून छळून राहिला रे?" देवयानीच्या तोंडी नागपूर आलं की थांबायचं असतं, एवढं सुमंतला बावीस वर्षांत कळलं होतं. तो थांबला. ती दार लावून निघून गेली. तिच्यापेक्षा तोच घाबरला होता, खरं सांगायचं तर.

तासाभरात त्याचं डोकं चढलं. त्याने मागच्या सीटवरून श्रीखंडाचा डबा घेतला आणि उघडला. डबा रिकामा! एक स्ट्रिप नाही. तळाशी दुकानातलं एक पांढरं लेबल चिकटवलेलं, त्यावर देवयानीच्या अक्षरात लिहिलेलं: 'डोकं दुखल्यास आधी पाणी प्यावं. मग मला विचारावं. कुणालाही देऊ नये.'

सुमंत त्या लेबलाकडे बघतच राहिला. सकाळी डबा जड होता की हलका, हे त्याला आठवेना. त्याला राग आला, तो राग व्यक्त करायला गाडीत कुणी नव्हतं, आणि डोकं तर दुखतच होतं. शेवटी तो पाणी प्याला. थोडं बरं वाटलं, याचाही त्याला रागच आला.

देवयानी चार वाजता आली. पट्टा लावला आणि समोर बघत बसली.

"डबा तू रिकामा केलास?"

"आज सकाळी. तू वेळापत्रकाची प्रिंट काढत होतास तेव्हा."

"का पण? बरं ते राहू दे. विषय काय होता?"

"चूक."

"वा! मग? आजोबा लिहिलेस ना? ह्यूमिलिटी?"

"तीन ओळी लिहिल्या. मग सगळ्या पुसल्या." तिने दीर्घ श्वास घेतला. "सुमंत, गाडी सुरू कर. चालती असली की मला सांगता येईल."

गाडी हायवेला लागली आणि देवयानीने सांगितलं. सात वर्षांपूर्वीची पिकनिक. काकू गुडघा धरून बाकावर बसल्या होत्या. सुमंतने डबा उघडला, दुखण्यावरची एक जोरदार गोळी काढली आणि म्हणाला, घ्या काकू, एक आत्ता, एक संध्याकाळी. देवयानी शेजारीच उभी होती. काकू रक्त पातळ करायची गोळी घेतात हे तिला ठाऊक होतं, कारण दर महिन्याला ती गोळी तीच मोजून द्यायची. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात, हे तर नागपूरला दुसऱ्या वर्षातच शिकवलेलं. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मिसळ नव्हती ती, सुमंत. ती आपली गोळी होती."

सुमंतने तीन एक्झिट मागे टाकले. नेमका आपलाही एक्झिट त्यातच गेला.

"पण ही तर माझी चूक झाली," तो शेवटी म्हणाला. "गोळी मी दिली."

"तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चूक माझी."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"चाळीस माणसं होती आजूबाजूला. सगळे तुला डॉक्टर म्हणत होते, तू इतका खुशीत होतास. लोकांसमोर नवऱ्याला कसं टोकायचं, म्हणून गप्प बसले. म्हटलं, एका गोळीने काय होतंय. हेच लिहिलं मी. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण बोलणं बरं दिसलं नसतं. दुकानात कुठलाही परका माणूस समोर आला असता तर मी विचारलं असतं, आणि घरच्या बाईला विचारलं नाही. अर्धा तास संपला तरी मी लिहीतच होते."

सुमंतला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. काकूंसाठी वाटलं, सत्यजितच्या त्या बर्फाच्या पिशव्यांसाठी वाटलं, आणि सात वर्षं ही बाई हे मनात घेऊन आपल्या शेजारी पोळ्या लाटत होती, याचं तर सगळ्यात जास्त. पण माणसाचा स्वभाव बघा. एवढं सगळं वाटूनसुद्धा त्याने विचारलंच.

"माझं नाव लिहिलंस?"

"नाही. 'एक आत्मविश्वासू गृहस्थ' असं लिहिलं."

"फार्मसीच्या कॉलेजात जाऊन हे लिहिलंस. आता कसली अ‍ॅडमिशन!"

"नाही मिळाली तर नाही," देवयानी म्हणाली. "पण खोट्या आजोबांवर मिळाली असती तर मला रोज त्या आजोबांची लाज वाटली असती. आणि हे बघ, निकाल लागायच्या आत आपण काकूंना सांगायचं. परक्या माणसांना लिहून दिलं आणि घरच्यांना सांगितलं नाही, हे काही बरोबर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंत आणि देवयानी काकांच्या घरी गेले. सत्यजितलाही तिथेच बोलावलं होतं. सुमंतने आदल्या दिवशी चार मुद्दे लिहून काढले होते, पण कोचावर बसल्यावर त्याला पहिलाच मुद्दा सापडेना. देवयानीनेच सगळं सांगितलं, सरळ, काही न लपवता. सांगून झाल्यावर ती रडली.

प्रतिमाकाकू उठल्या, हळूहळू आतल्या खोलीत गेल्या आणि किराण्याची एक फुगलेली पिशवी घेऊन आल्या. ती त्यांनी टीपॉयवर उपडी केली. स्ट्रिप्स! पित्ताच्या, सर्दीच्या, गुडघ्याच्या, सात वर्षांच्या, सगळ्या सुमंतच्या डब्यातल्या. एकही फोडलेली नव्हती.

"हॉस्पिटलातल्या डॉक्टरनी मला तेव्हाच सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून तू दिलेली एक गोळी घेतली नाही मी, सुमंत. पण इतक्या मायेने देतोस, नको कसं म्हणायचं? आणि टाकवतही नव्हत्या."

"तुला माहीत होतं?" जगन्नाथकाका ओरडले. "मला का नाही सांगितलंस? मी डॉक्टर आहे!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक आवाज आला.

"एक मिनिट," सत्यजित म्हणाला. तो उभा राहिला होता. "म्हणजे माझ्या मिसळीत काही नव्हतं?"

"काही नव्हतं रे बाबा. छान झाली होती," काकू म्हणाल्या.

"सात वर्षं!" सत्यजितचे डोळे भरून आले. "सात वर्षं मी बर्फ आणतोय, काकू!"

त्याला पाणी दिलं, सुमंतने दोनदा माफी मागितली, देवयानीने तीनदा. सत्यजितने शेवटी दोघांना एका अटीवर माफ केलं: मंडळाच्या ग्रुपवर खुलासा जायला हवा, मिसळीचं नाव घेऊन. तो सुमंतने तिथेच बसून लिहिला. त्या पंचवीस ओळी लिहिताना त्याची जी काही मानहानी झाली, ती फाइलमध्ये नोंदवायला रकाना नव्हता. मग त्याने आणि देवयानीने ती पिशवी पुन्हा भरून उचलली आणि तिच्या दुकानात जुनी औषधं टाकायची पेटी असते, तिच्यात रिकामी केली. सुमंतला प्रत्येक स्ट्रिप टाकताना पुण्याचं ते दुकान आठवत होतं.

निकाल तीन आठवड्यांनी गुरुवारी दुपारी आला. देवयानी तेव्हा कुणाच्या तरी गोळ्या मोजत होती. फोन बघितला आणि पंचेचाळीसवर थांबली. प्रवेश मिळाला होता. खाली कुणीतरी वेगळी ओळ लिहिली होती, की तुमचा निबंध समितीत मोठ्याने वाचला गेला. तिने सुमंतला फोन लावला. त्याला चालू मीटिंगमध्ये रडू आलं, आणि तिथल्या माणसांना वाटलं की वेळापत्रक हुकलं.

जुलैच्या पिकनिकला यादीत सत्यजितच्या नावापुढे 'मिसळ' असं आलं. सकाळी सातपासून तो पार्कात कट ढवळत होता, कुणाला पळी लावू देत नव्हता. बर्फ सुमंतने आणला, पेपर प्लेट्ससकट. काकूंनी दोनदा मिसळ घेतली. सुमंतने पापक्षालन म्हणून तीनदा घेतली, आणि तासाभराने छाती चोळत देवयानीजवळ येऊन बसला.

"जळजळतंय गं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या पर्समध्ये आहे का काही?"

सवयीने चाळीस माना इकडे वळल्या. डबेवाला डॉक्टर आज गोळी मागतोय, हे काही रोज बघायला मिळत नाही.

"आहे," देवयानी म्हणाली. पर्स तिने उघडली नाही. "आधी सांग, सध्या तुझ्या कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

सुमंतने डोळ्यांनी खुणावलं. घरी सांगतो, म्हणून खुणावलं. लोक आहेत, म्हणून खुणावलं. देवयानी बघत राहिली. सगळ्यांसमोर, बावीस वर्षांत पहिल्यांदा, ती थांबून राहिली. सुमंतने एकदा काकूंकडे बघितलं, एकदा पळी धरून उभ्या असलेल्या सत्यजितकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"ब्लडप्रेशरची एक," तो पुटपुटला. "म्हणजे होती. फेब्रुवारीपासून घेतच नाहीये मी. तुला उगाच हो म्हणत होतो. माझी चूक झाली."

देवयानीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली. "काकूंना ऐकू येत नाही."